दुर्वाने पास केलेली गाडी

"पप्पा, बिभीषणकाकांच्या गाडीला मी हो म्हणाले होते, की नाही म्हणाले होते?"

हे विचारायची पैज अलिशाने लावली होती. "चारचौघांत विचार," ती म्हणाली होती. "घरात हळूच विचारलंस तर धरणार नाही." तन्वीने लगेच तिची री ओढली. "आणि नाहीच विचारलंस, तर गाडी तुझ्यामुळे पेटली असं आम्ही समजणार." मैत्रिणी अशा असल्या की शत्रू शोधायला गावाबाहेर जावं लागत नाही.

म्हणून मी चहाच्या वेळी विचारलं. टेंभुर्णीच्या हायवेला आमचं गॅरेज आहे, डिझेलचे ट्रक प्रोपेन गॅसवर करून देण्याचं. चहाच्या वेळी तिथे ड्रायव्हर लोकांची बैठक असते. कुणी टायरवर, कुणी बंपरवर, आणि पप्पा जुन्या सीटवर मांडी घालून. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. कप थांबले.

पप्पा मात्र दचकलेसुद्धा नाहीत. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"हो म्हणालीस, बाळा. सर्दी होती तुला. तुझी काही चूक नाही."

"मला सर्दी नव्हती. मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले."

"घाबरलीय," पप्पा ड्रायव्हरांना म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीसचा हात ते माझ्या केसांना एरवी कधी लावत नाहीत. इतक्या मायेने ठेवला की तिथे मी सोडून कुणीही त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "लेकरू हाय ओ मिस्त्री. हुतंय." सगळ्यांनी माना हलवल्या. माझी कीव करणारे सात-आठ मिशाळ चेहरे एकदम माझ्याकडे वळले. पैज मी जिंकले होते.

आधी विज्ञान सांगते, म्हणजे माझं नाक या भानगडीत कुठून आलं ते कळेल.

जुन्या डिझेल ट्रकांवर बंदी आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मालकांपुढे दोनच रस्ते होते, गाडी भंगारात घाला किंवा इंजिन बदलून घ्या. त्याच सुमारास साखर कारखान्यांनी मळीवर एक जिवाणू पोसायला सुरुवात केली होती. हा जिवाणू मळी खातो आणि प्रोपेन सोडतो. आमच्या भागात ऊस इतका, की प्रोपेन पाण्यासारखं मिळायला लागलं.

पण डिझेलचं इंजिन प्रोपेनवर असंच चालत नाही. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. ते हवेला इतकं दाबतं की हवा भयंकर तापते, आणि तिच्यात डिझेल पडलं की आपोआप पेटतं. प्रोपेनला ठिणगी लागते. शिवाय त्याला एवढा दाब सोसत नाही, नको त्या वेळी पेटतं आणि पिस्टनला हाणतं. म्हणून पप्पा इंजिन उघडतात, पिस्टनची डोकी लेथवर तासून जरा खोलगट करतात, म्हणजे दाब उतरतो. डिझेलचे नोझल काढून तिथे स्पार्क प्लग बसवतात. चेसिसला टाकी बांधतात. टाकीत प्रोपेन दाबाखाली पातळ होऊन बसलेलं असतं, त्याची वाफ करायला इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा एक डबा लावतात. टाकीपासून इंजिनापर्यंत पाइप, आणि पाइपला जोड. सगळी भीती त्या जोडांची.

कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतं. गळालं की वर जात नाही, पाण्यासारखं खाली साचतं, खड्ड्यात, गाडीखाली, केबिनच्या तळाशी. आणि त्याला स्वतःचा वास नसतो. पूर्वी त्यात एक घाण वास मिसळत, पण जुन्या टाक्यांचा गंज तो वास खाऊन टाकायचा. मग शास्त्रज्ञांनी जिवाणूलाच शिकवलं, की बाबा, प्रोपेनबरोबर वासही तूच बनव. गंजाला न खाता येणारा. सडका फणस आणि त्यावर झोपलेलं ओलं कुत्रं, असा काहीतरी तो वास आहे. सगळे खूश झाले. पुढे लक्षात आलं की बऱ्याच लोकांना हा वास जन्मात येत नाही. बाकी सगळे वास येतात, पण हा टिपणारं नाकातलं एक कुलूप त्यांच्यात जन्मापासून बंद असतं. त्याला लोक आंधळं नाक म्हणायला लागले.

माझ्या पप्पांचं नाक आंधळं आहे. शेजारी मटण शिजलं तर कोणता मसाला पडला ते सांगतील, पण भरलेल्या टाकीला नाक लावलं तरी त्यांना काही कळत नाही.

माझं नाक नेमकं उलटं. नववीत शाळेत त्या वासाच्या बाटल्या आल्या होत्या, एकीपेक्षा एक पातळ केलेल्या. तीन-चार बाटल्यांत अर्धा वर्ग गारद झाला. शेवटच्या बाटलीत सरांना स्वतःला काही येत नव्हतं, आणि मी म्हणाले, "सर, आहे." सरांना वाटलं मी फेकतेय. त्यांनी पाठीमागे बाटल्या अदलाबदल करून पुन्हा पुन्हा विचारलं आणि मी एकदाही चुकले नाही. त्याआधी मी कोण होते? खो-खोमध्ये कुणी घेत नाही ती. स्नेहसंमेलनात झाड होणारी. त्या दिवसापासून मी दुर्वा पांचाळ झाले.

गॅरेजमध्ये तर काय, राणीच. नियमाने गाडी सोडण्याआधी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे असतात, आणि वास पकडणारं यंत्र फिरवायचं असतं. फेसाला वेळ जातो. यंत्र थिनरला आणि रंगालाही दिवसभर ओरडायचं, म्हणून पप्पांनी त्यातला सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला होता. मी शाळेतून यायचे, हात मागे बांधून ट्रकभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "पास." किंवा, "डावीकडे खाली, दुसरा जोड." चूक निघायची नाही. ड्रायव्हर लोक पूर्वी चाकाखाली लिंबू चिरडून गाडी काढत. आता लिंबू ठेवत आणि माझी फेरीही करून घेत. "दुर्वाताईनं पास केली का?" असं विचारल्याशिवाय काही जण चावीला हात लावत नसत. बिभीषणकाका माने त्यातले पहिले. मला दुर्वाताई म्हणायला सुरुवात त्यांनीच केली, पन्नाशीच्या माणसाने. मला ते किती आवडायचं हे लिहायला नको.

त्या दिवशी बिभीषणकाकांची गाडी केळी भरून उभी होती. केळी बंदरावर जायची होती, परदेशात. गाडीचे मालक रणदिवेशेठ पप्पांच्या डोक्यावर उभे होते. बिभीषणकाका पलीकडच्या हॉटेलात जेवत होते. मी फेरी मारली आणि वाफेच्या डब्यापाशी थांबले.

"पप्पा, इथे आहे. खालच्या जोडाला."

पप्पांनी पाना घेऊन जोड आवळला. मी पुन्हा वाकले.

"अजून आहे. कमी झालाय, पण आहे. पास नाही."

"मिस्त्री, पोरीच्या नाकावर माझी केळी पिकवायची का?" रणदिवेशेठ म्हणाले. "दुसऱ्या गॅरेजला न्यायला वेळ नाही, नाहीतर नेली असती. माझ्या पुढच्या बारा गाड्या तरी तिकडेच नेतो."

पप्पा जोडाकडे बघत राहिले. जोड पुन्हा उघडायचा म्हणजे गाडी संध्याकाळपर्यंत अडकली. "गाडी पळायला लागली की वारा लागतो," ते म्हणाले. "जे काय थोडं आहे ते उडून जाईल. दुर्वे, तुझा क्लास आहे ना? जा, उशीर होतोय."

"पण पास नाही."

"ऐकलं मी. जा."

मी सायकल काढली आणि गेले. ऐकलं म्हणाले म्हटल्यावर मला वाटलं, ऐकलं.

बिभीषणकाका पहाटेपर्यंत गाडी चालवून एका ढाब्यावर थांबले आणि काचा लावून केबिनमध्ये झोपले. उभ्या गाडीला वारा नसतो. सकाळी उठून त्यांनी नेहमीप्रमाणे समोरच्या खंडोबाच्या फोटोला उदबत्ती लावायला काडी ओढली. पुढचं मी सांगत नाही. ढाब्याच्या लोकांनी त्यांना ओढून काढलं एवढं खरं.

चौकशीला माणसं आली तेव्हा मी शाळेत होते. पप्पांनी जबाब दिला, की माझी मुलगी वास घेऊन गाडी पास करते, तिने पास केली, मी विश्वास ठेवला. अज्ञान मुलगी, तिच्यावर केस होत नाही. आणि बापाची चूक काय, तर पोटच्या पोरीवर विश्वास ठेवला एवढीच. रणदिवेशेठनी सही करून दुजोरा दिला. संध्याकाळी पप्पांनी मला जवळ बसवून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "तुला काही होत नाही. मी नीट विचारून घेतलंय."

मला काही झालं नाही, खरंच. फक्त बाकावर कुणीतरी खडूने नाक काढून त्यावर फुली मारली. तन्वीच्या आईने तिला माझ्या डब्यातलं खाऊ नको म्हणून सांगितलं, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. आणि मी कितीही सांगितलं की मी नाही म्हणाले होते, तरी अलिशा म्हणाली, "तुझे पप्पा खोटं कशाला बोलतील गं? तू काय शेजारची आहेस का?" त्यातून ती पैज निघाली.

चहाच्या वेळी मी तो प्रश्न विचारला, त्याच संध्याकाळी आईने माझ्यासाठी शिरा केला. आमच्याकडे वाढदिवस नसताना शिरा झाला की समजायचं, काहीतरी गिळायचं आहे.

"सोमवारी सोलापूरला तुझ्या नाकाची टेस्ट ठेवलीय," आई म्हणाली. "चौकशीवाल्यांना बघायचंय, तुला तो वास येतो की नाही."

"येतोच की. सगळ्या गावाला माहितीये."

"तेच तर." आईने ताटात अजून एक चमचा वाढला. "तुला येत नसला, तर विषय मिटला. नाक मध्येच गेलं असणार, घरच्यांना कळलं नाही, चुकून झालं. पण येतो असं निघालं, तर ते विचारणार, मग त्या दिवशी कसा आला नाही? आणि मग तुला विचारणार, मग पप्पांना."

"मग मी तिथे येत नाही म्हणू का?"

"म्हणून चालत नाही. डोक्याला पट्टी बांधतात. नाकाने वास धरला की मेंदूत जे होतं ते तिकडे पडद्यावर उमटतं. तोंडाने काही म्हण." आईने ब्लाउजमधून रुमाल काढला, रुमालातून एक छोटी बाटली. नाकात घालायच्या थेंबांची असते तशी, पण वरचा कागद खरवडलेला. "किरणमामाच्या ओळखीच्याने दिलीय. दोन दिवस घालायची. जरा चुणचुणतं. मग वास जातो."

"हा वास?"

"सगळेच."

शिऱ्याला वेलदोड्याचा वास येत होता. मी चमचा खाली ठेवला.

"परत येतो ना?"

"बहुतेकांचा येतो म्हणाला. काही महिन्यांत."

"आणि बाकीच्यांचा?"

आतापर्यंत दारात उभे असलेले पप्पा आत आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. "दुर्वे, मला हा वास जन्मात आला नाही. काय बिघडलं माझं? घर बांधलं, तुला शिकवतोय. नाक काय, चेहऱ्यावर दिसायला असतं. मी आत गेलो तर तुला कळतंय का काय होईल?"

मला कळत होतं. मुद्दा तोच होता की मला कळत होतं. आईच्या नसलेल्या नोकरीपासून माझ्या दहावीपर्यंत मला सगळं ओळीने दिसत होतं. आणि ते दोघे रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. आई माझा हात धरून बसली होती, आणि तिच्या हाताला वेलदोडा आणि भांड्याचा साबण दोन्हींचा वास येत होता. मला आईचा वास हा एवढाच माहीत आहे.

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मी म्हणाले, "विचार करते." आईने ते हो समजून बाटली पर्समध्ये ठेवली. "उद्या दवाखान्यातून परत आल्यावर सुरू करू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही तिघं पिकअपमधून सोलापूरच्या दवाखान्यात बिभीषणकाकांना बघायला गेलो. जायचं पप्पांनी ठरवलं होतं. भेटून आलं की माणूस तक्रार करत नाही, असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

बिभीषणकाका पलंगावर उशीला टेकून बसले होते. दोन्ही हात पांढऱ्या गुंडाळ्यांत, तोंडभर मलम, नाकावर पट्टी. शेजारी त्यांची बायको. मला बघून ते हसायला गेले आणि मध्येच थांबले, कारण हसायची कातडी शिल्लक नव्हती.

"ये दुर्वाताई."

मला रडू आलं.

"रडायचं न्हाय. तुला कोन बोललं तर मला सांग. लेकराचं नाक हाय, त्या दिवशी झोपलं असंल. मी काय मनात धरल्यालं न्हाय." मग पप्पांकडे वळून, "मिस्त्री, पोरीला मारलं-बिरलं न्हाई न्हवं?"

"नाही नाही," पप्पा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर पार्किंगकडे बघायला लागले.

"खरं सांगू का," काका माझ्याशीच बोलत राहिले, "सकाळी उठलो तवा मला वास येत हुता. फनसावानी. म्हनलं, उतरावं खाली, दार उघडावं. मग माझं मलाच हसू आलं. म्हनलं, बिभीषण, दुर्वाताईनं पास केल्याली गाडी हाय. तिच्यापरास तुझं नाक शानं झालं का? भास असंल. आन् काडी वढली."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं.

"मी पास केली असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मिस्त्रीनंच की. तू क्लासला गेल्याली. मी मुद्दाम इचारलं, दुर्वाताईनं पास केली का? त्याबिगर मी गाडी काढत न्हाय, ठावं हाय तुला. हे म्हनले, केली, जा."

पप्पांची पाठ माझ्याकडे होती. ती हलली नाही.

आईने घाईघाईने पिशवीतलं संत्रं काढून सोललं आणि एक फोड काकांच्या ओठाशी धरली. त्यांनी ती तोंडात घेतली, चावली, गिळली.

"कशाला वैनी, वाया जातंय," ते म्हणाले. "चव लागत न्हाय. आतनं नाक जळलंय, डाक्टर म्हनला आता येनार न्हाय. चहा म्हंजी गरम पानी. काल हिनं नातीला आनलं हुतं. हात तर लावता येत न्हाय, म्हनून हिनं पोरीची टाळू माझ्या नाकापाशी धरली. तेल लावल्याली टाळू." ते जरा थांबले. "काय न्हाय. कुनाचं बी पोर असावं तसं वाटलं."

त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. आईच्या हातात उरलेलं संत्रं तसंच राहिलं.

पिकअपचं दार उघडताना आई खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांचं जळालंय, दुर्वा. थेंबांनी जळत नाही."

मी मध्ये बसले, दोघांच्या मधोमध, गिअरचा दांडा गुडघ्याला लागेल अशी. शहर संपलं, टोलनाका गेला. डाव्या बाजूने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. पप्पा नेहमी पुढच्या प्रत्येक ट्रकचं इंजिन कुठल्या गॅरेजने बदललंय ते आवाजावरून सांगतात आणि बरोबर निघालं की माझ्याकडे बघतात. आज त्यांनी एकही सांगितलं नाही. आईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मी तिच्या हातातून ती घेतली. तिला वाटलं मला रुमाल हवाय. मी बाटली काढली, बूच उघडलं, आईच्या पुढून हात खिडकीबाहेर काढून उलटी केली आणि रिकामी बाटली परत पर्समध्ये ठेवली.

आई ओरडली नाही. पप्पांनी गाडी हळू केली आणि कडेला घेतली, एका बाभळीखाली. इंजिन चालूच ठेवलं.

"बोल," ते समोर बघत म्हणाले.

"मी सोमवारी टेस्ट देणार आहे," मी म्हणाले. "नाकात काही न घालता. पडद्यावर जे उमटायचं ते उमटू दे. मग ते विचारतील, तू गाडीला काय म्हणालीस. मी सांगणार, नाही म्हणाले, दोनदा. रणदिवेशेठ काय म्हणाले तेही सांगणार, तुम्ही काय म्हणालात तेही. आणि बिभीषणकाकांनी तुम्हाला विचारल्यावर तुम्ही त्यांना काय सांगितलंत, तेही."

"बापाला आत घालणार तू?" आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"हो."

"आणि मागे आपलं काय?"

"माहीत नाही, आई. ते मला नाही माहीत. गॅरेज बंद होईल. रणदिवेशेठ ओळखही दाखवणार नाहीत. मी सगळा विचार केलाय आणि शेवट काही चांगला निघत नाही. तरी मी जाणार आहे."

पप्पांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. नखांतलं काळं कधीच न गेलेले हात.

"मामांकडे सोडा असं मी म्हणणार नाही," मी त्यांना म्हणाले. "बसनेही जाणार नाही. सोमवारी मला तुम्हीच घेऊन चला. आत माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसा. मला हे तुमच्या पाठीमागे बोलायचं नाही, पप्पा. तुमच्यासमोर बोलायचंय."